पाठ बघायला ये

अश्केलोन
११ जानेवारी १९९८

अहरोनला जॉशुआचा शालोम.

पाकिटावरचं अक्षर बघून तू आधी रुबीला फोन लावशील आणि घरी कोणाचं काय झालं म्हणून विचारशील. काही झालेलं नाही. तुझी बहीण ठणठणीत आहे. माझा गुडघा कुरकुरतो, तेवढं सोडलं तर मीही बरा आहे. पण तू एलातला गेल्यापासून मी फोन उचलला की तुझ्या तोंडून "रुबीला दे" याखेरीज शब्द निघत नाही, आणि मीही मुकाट्याने रिसीव्हर तिच्या हातात देतो. मेहुण्याने मेहुण्याशी असं वागावं का, हे तूच ठरव. पत्राला काही "रुबीला दे" म्हणता येत नाही, म्हणून लिहायला बसलो.

मराठीत लिहितोय याचं नवल वाटून घेऊ नकोस. पत्र पेटीत टाकायला तुझी भाची ओदेलिया नेणार आहे. पोरीला मराठी ऐकून सगळी कळते, उत्तर हिब्रूत देते, आणि वाचता एक अक्षर येत नाही. या घरात काही गुपित ठेवायचं तर आपली अलिबागच्या शाळेतली बाराखडी फार कामाची.

तर कामाचं असं. ओदेलियाने आपल्या पॅराशूटच्या क्लबात नाव घातलं आहे. सैन्यात असताना तिने दुसऱ्यांच्या छत्र्यांच्या घड्या घालून दिल्या, आता म्हणते, स्वतःच्या छत्रीखाली लटकायचं आहे. हेदवा तिला शिकवते. हेदवा म्हणजे तीच, तुझी शिष्या, जिला तू पहिल्या उडीला विमानाच्या दारात सांगितलं होतंस की डोळे मिटलेस तर खाली आल्यावर तुझे दोन्ही कान धरीन. आता ती क्लबची मुख्य शिक्षिका झाली आहे आणि आम्हा सगळ्यांचे कान धरते.

पहिल्याच दिवशी पोरीने तिला विचारलं, छत्री बंद ठेवणारी पिन पाठीवर कशाला, पोटावर का नाही, म्हणजे ज्याची त्याला बघता आली असती. हेदवा म्हणाली, "म्हणूनच पाठीवर. दुसऱ्याला पाठ दाखवल्याशिवाय कोणी वर जाऊ नये." वाक्य तुझं आहे. ती स्वतःचं म्हणून खपवते आणि मी तिथे गप्प बसतो, कारण तुझं नाव काढलं की सगळे माझ्याकडे बघायला लागतात.

त्यावर ओदेलियाने सगळ्यांदेखत जाहीर केलं की पहिल्या उडीला तिची पाठ मामा बघणार, दुसऱ्या कोणाला ती हात लावू देणार नाही. तू तिला शब्द दिला होतास म्हणे. ती लहान होती, हँगरमध्ये घडी घातलेल्या छत्रीवर झोपायची, तेव्हाचा शब्द. मी म्हटलं, मामा आता बंदरावर क्रेन चालवतो, त्याला सवड नाही. ती म्हणाली, "अब्बा, तो येईल," आणि माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू उत्तर मलाच द्यायचं होतं.

उडी मे महिन्यात आहे. आता तू आणि तुझा शब्द, काय ते बघा. मी फक्त निरोप्या आहे.

रुबी शालोम सांगते. ती फोनवर सांगतेच, पण पत्रात लिहायची रीत आहे.

तुझा
जॉशुआ


अश्केलोन
८ फेब्रुवारी १९९८

अहरोन,

तुझं उत्तर नाही. फोनवर मात्र तू रुबीला विचारलंस की "त्याचा गुडघा कसा आहे?" म्हणजे पत्र पोचलं. गुडघा आहे तसाच आहे. विचारल्याबद्दल आभारी.

शुक्रवारी वारा फार होता. उझीने विमान बाहेरच काढलं नाही, आणि वारा असला की आपल्या क्लबाचं काय होतं ते तुला माहीत आहे. हँगरच्या आडोशाला चहा झाला आणि वाद पेटला. आधी गोल छत्री बरी की चौकोनी यावर झाला, तो दरवर्षीचाच. मग उझी रडायला लागला की तुम्ही सगळे हसतखिदळत दारातून जाता आणि मला रोज एकट्याला खाली यावं लागतं, पायलटची कोणाला पर्वा नाही. तो झाला. मग रुबीचा विषय निघाला.

झालं असं की रुबीने मला निरोप देऊन पाठवलं होतं. आपल्याकडची पद्धत, कोणी काहीही पहिल्यांदा केलं, पहिली उडी मारली, पहिल्यांदा समुद्राकडून उतरला, पहिल्यांदा झाडात अडकला, की त्याने सगळ्यांना बिअरचा क्रेट पाजायचा. रुबीचं म्हणणं, तिची मुलगी पहिली उडी मारून सुखरूप खाली आली तर ती एलियाहू हनाबीचा मलिदा करणार, आणि बिअरच्या जागी तोच धरावा. तिने नवसच बोलून टाकला आहे.

मी हे सांगितलं मात्र, सगळे तुटून पडले. हेदवा म्हणाली नियम म्हणजे नियम, क्रेट म्हणजे क्रेट. तेल अविवचा तो मातान, तू गेल्यावर आलेला कॉम्प्युटरवाला, त्याने विचारलं मलिदा म्हणजे काय. मी म्हटलं, भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं, आणि ताटाभोवती बसून प्रार्थना. तो म्हणाला, हे तर उतरल्यावर लागणाऱ्या भुकेसाठीच केलेलं दिसतं. उझीने तोडगा काढला, मलिदा चालेल, पण सोबत क्रेटही हवा. उझीचे सगळे तोडगे असेच असतात.

मग एलियाहू हनाबी कोण हे त्यांना सांगावं लागलं. ते ज्याला एलियाहू हनावी म्हणतात तोच प्रेषित, पण आपल्याकडे तो अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या टापाच्या खडकावरून रथात बसून वर गेला आणि दगडावर चाकाची खूण ठेवून गेला, हे त्यांना कुठून ठाऊक असणार. मी सांगितलं की मी आणि अहरोनने लहानपणी त्या खुणेत पाय घालून बघितले आहेत. रुबी घरी यावर काय म्हणाली ऐक. म्हणाली, "तो शहाणा, वर गेला. तुम्ही येडे, विमानात बसून वर जाता नि खाली पडता."

तू असतास तर मलिद्याच्या बाजूने बोलला असतास. मी एकटा पडलो. निकाल लागला नाही, पुढच्या वाऱ्याला पुन्हा बसणार आहेत.

घरी येताना गाडीत ओदेलियाने विचारलं, तुम्ही दोघं भांडलात ते त्या डबीवरून ना? तिला आधी वाटत होतं, पैशाबिशावरून असेल. मी म्हटलं, हो, डबीवरूनच. मुठीएवढी डबी, छत्रीच्या पिशवीत बसवायची, आणि माणूस जमिनीच्या फार जवळ आला आणि अजून नुसता पडतोच आहे असं दिसलं तर ती आपणहून राखीव छत्री उघडते. ती म्हणाली, मग यात भांडण्यासारखं काय आहे? मी तिला तुझी बाजू सांगितली, इमानाने सांगितली. डबी आहे म्हटल्यावर हात आळशी होतो. आणि ती दारातच उघडली तर विमानासकट सगळे जातात. ती म्हणाली, मामाचंही खरं आहे. मग मी माझी सांगितली, की बेशुद्ध माणसाचा हात आळशीही नसतो आणि चलाखही नसतो. ती म्हणाली, हेही खरं आहे. अशी मुलगी आहे आपली.

डबी सगळ्यांना सक्तीची करायची का यावरच्या क्लबाच्या त्या सभेत तू काय म्हणालास ते मी तिला सांगितलं नाही. "ज्याला दोरी ओढायची आठवण डबीने करून द्यावी लागते त्याने जमिनीवरच राहावं." माझ्याकडे बघून म्हणालास. मग मतं मोजली, माझा हात वर होता, तुझ्या अगदी शेजारी, आणि तू उठून गेलास. आठवड्याभरात एलातच्या बंदरावरची नोकरी कुठून सापडली ते देव जाणे.

असो. राग आला म्हणून लिहिलं नाही. वारा अजून आहे.

जॉशुआ


अश्केलोन
१७ मार्च १९९८

अहरोन,

खजुरांची पेटी मिळाली. चिठ्ठी नव्हती. पेटीवर रुबीचं नाव होतं, पण रुबी खजूर खात नाही हे तिच्या भावाला माहीत नसेल असं मी धरत नाही. मी ते पत्राचं उत्तर समजून खाल्ले. उत्तर गोड होतं.

पुरीमच्या सोंगांत पोरगी म्हातारा जंपर बनून आली, माझा जुना सूट घालून, पोटाशी उशी बांधून, आणि तुझ्यासारखी मिशी रंगवून. सगळ्यांना हसून हसून रडू आलं. पण तो सूट काढताना जे झालं ते तुला सांगणार नव्हतो. सांगून टाकतो, कारण रुबी फोनवर सांगेलच, आणि तिखटमीठ लावून सांगेल.

सूट माझ्या पिशवीत, तिथेच छत्री. ओदेलियाने ती उघडली घडीचा सराव करायला, तर आतून उंदराचं घरटं निघालं. संत्र्याची पानं, वर्तमानपत्राचे तुकडे आणि माझ्या मोज्याची लोकर. पोरगी सैन्यात छत्र्या हाताळून आलेली, तिला न उघडलेल्या कापडाचा वास कळतो. मला विचारलं, "अब्बा, ही शेवटची कधी उघडली?" मी गुडघ्याचं सांगायला लागलो. रुबी स्वयंपाकघरातून म्हणाली, "गुडघ्याला कशाला उगाच बदनाम करतोस."

तर आता तुलाही कळलं. तू गेल्यापासून मी उडी मारलेली नाही. क्लबात जातो, चहा पितो, वाद घालतो, विमानात कोण कुठल्या फेरीला ते बघतो, नव्यांना वाऱ्याबद्दल उपदेश करतो. सगळ्यांना वाटतं, म्हातारा आता रिटायर झाला.

एकदा गेलो होतो वर. मातानने माझी पाठ बघितली. चांगला मुलगा आहे, नीट बघितली, "बेसेदेर, सगळं ठीक" म्हणाला आणि खांद्यावर हलकेच थोपटलं. मी दारात पाय बाहेर सोडून बसलो आणि तिथून पुढे काही होईना. भीती नव्हती वाटत, खरंच सांगतो. नुसती वाट बघत होतो, आणि कशाची ते कळत नव्हतं. शेवटी आत सरकून बसलो. उझीने विमान खाली आणलं आणि एक शब्द बोलला नाही. ज्या दिवशी उझी गप्प बसतो त्या दिवशी समजावं की आपलं काहीतरी गंभीर आहे.

मग घरी आल्यावर ध्यानात आलं. तू पाठ बघायचास तेव्हा पिन बघून झाकण लावायचास, दोन जोरदार थापा मारायचास, एवढ्या की दात हलावेत, आणि म्हणायचास, "जा, मर." सैन्यातल्या पहिल्या उडीला म्हणालास, सार्जंटला कळू नये म्हणून मराठीत, आणि मला इतकं हसू आलं की घाबरायचं राहूनच गेलं. त्यानंतर दर वेळी. रुबीने एकदा ऐकलं तर शब्बातचा पुरा शनिवार तुझ्याशी बोलली नव्हती. आणि बघ, हजारदा मर म्हणालास आणि मी हजारदा चालत घरी आलो. आता कोणी मर म्हणत नाही तर माझा पाय उचलत नाही.

हे वाचून तू हसशील. हस. पण हसून झाल्यावर मे महिन्याचं काय ते कळव. पोरगी दर शुक्रवारी विचारते, मामाचं पत्र आलं का. मी खजूर दाखवतो.

जॉशुआ

ता. क. उंदराने छत्रीचं कापड कुरतडलेलं नाही. हेदवाने सगळं तपासलं. तो बिचारा फक्त राहत होता.


अश्केलोन
२१ एप्रिल १९९८

अहरोन,

पेसाखचा सण झाला. सेदरच्या जेवणाला तुझी खुर्ची मांडली होती. रुबीने सांगितलं ती एलियाहू हनाबीची आहे, पण त्याचा पेला रिवाजाप्रमाणे वेगळा ठेवला होता, तेव्हा कोणी फसलं नाही.

तारीख ठरली. १५ मे, शुक्रवार सकाळ. शब्बातला मुलीने विमानात पाऊल ठेवायचं नाही ही रुबीची अट, आणि ओमेरच्या दुखवट्याच्या दिवसांत लाग बाओमेरच्या सणाआधी आनंदाचं काही करायचं नाही हीसुद्धा तिचीच. हेदवा म्हणाली, वारा, ढग आणि रुबी तिघांनी परवानगी दिली तरच हा क्लब चालतो.

मी फोनवर विचारायला लावलं होतं रुबीला. तू म्हणालास म्हणे, "डबीशिवाय ते मला वर नेणार नाहीत आणि डबी घेऊन मी जाणार नाही, मग येऊन काय करू, चहा पिऊ?" रुबीने मला ते जसंच्या तसं सांगितलं आणि भांडी घासायला गेली. भांडी आधीच घासलेली होती.

पोरीला मी अजून सांगितलेलं नाही. तिला वाटतं, तू येतोस. गेल्या आठवड्यात हेदवा म्हणाली, पाठ मी बघेन, तर तिने नको म्हटलं. मामा नसला तर उडी पुढे ढकलीन म्हणाली. ती ढकलेल आणि ढकलतच राहील. तिचा बाप काय करतो आहे तेच तर करेल. मला ते नको आहे.

म्हणून तुला आता एक सांगतो. हे मी रुबीलाही बोललेलो नाही.

सभेच्या आधीच्या सप्टेंबरमधला तो शनिवार आठव. आपण दोघं शेवटच्या फेरीला होतो, समुद्रावर धुकं होतं. मी छत्री उघडली आणि खाली बघितलं. तू माझ्याखाली होतास आणि तुझी छत्री उघडलेली नव्हती. तू पडतच होतास. बागेतली झाडं वेगवेगळी दिसत होती एवढं आपण खाली आलो होतो, आणि तू पडत होतास, हातपाय नीट पसरून, आरामात, जसा कोणी गच्चीवर पडलाय. मी ओरडलो. वर ओरडून काही होत नाही हे मला माहीत आहे. मी ओरडत होतो. मग तुझी उघडली, आणि तू संत्र्यांच्या रांगेत उतरलास, आणि हसत आलास. म्हणालास, मनगटावरचं घड्याळ बिघडलं, उंची चुकीची दाखवतं.

ते घड्याळ मी दुसऱ्या दिवशी उझीसोबत विमानात नेऊन बघितलं. चांगलं होतं. तुला आकडे दिसत नव्हते, अहरोन. तू हॉटेलात मेन्यूसुद्धा माझ्याकडे सरकवायचास आणि म्हणायचास, तूच सांग काय ते. तुझ्या वडिलांचे डोळेही याच वयात गेले. मी तुला चष्मा घे म्हटलं असतं तर तू मला उचलून समुद्रात टाकलं असतंस.

म्हणून हात वर केला. पोरांसाठी नाही, माझ्यासाठी नाही, नियमासाठी तर मुळीच नाही. तुझ्यासाठी. मला तुझ्या आळशी हाताची चिंता कधीच नव्हती. मला पुन्हा एकदा तुझ्या वर लटकून ओरडायचं नव्हतं.

तू माझ्यापासून चार तासांच्या बसवर जिवंत राहून मला शिव्या देतो आहेस, तर मला तेही चालतं. नुकसान एवढंच की माझी पाठ बघायला कोणी नाही.

१५ मेला डबीबिबी राहू दे. उडी मारू नकोस. नुसता ये, पोरीची पाठ बघ आणि चहा पी. चहाला डबी लागत नाही.

जॉशुआ


अश्केलोन
१८ मे १९९८

अहरोन,

तू इथून शनिवारी संध्याकाळी गेलास आणि घर रिकामं झालं. तू इथेच होतास तरी लिहितो, कारण बरंच काही तुझ्या पाठीमागे झालं, आणि पाठीमागचं दुसऱ्याने सांगायचं असतं.

शुक्रवारी सकाळी तू खांद्यावर पिशवी आणि हातात बिअरचा क्रेट घेऊन बसस्टॉपकडून चालत येताना सगळ्यांत आधी उझीला दिसलास. तो पळत आत आला आणि म्हणाला, "यल्ला, म्हातारा आला, आणि पेयं घेऊन आला." सगळ्यांना वाटलं, ओदेलियाच्या पहिल्या उडीचा क्रेट मामाने आणला. रुबीचा चेहरा पडला. तिने पहाटे उठून मलिद्याचं सगळं ताट तयार केलं होतं. तू क्रेट खाली ठेवलास आणि म्हणालास, "हा पोरीचा नाही. पोरीचा मलिदाच." हेदवाने विचारलं, मग कोणाचं काय पहिलं आहे? पिशवी उघडून छत्री काढलीस, पाठीवर चढवलीस आणि तिच्याकडे पाठ करून उभा राहिलास.

हेदवाचं तोंड तुला दिसलं नाही. ती तुला डबीशिवाय परत पाठवायच्या तयारीने उभी होती, आणि तिला रडू येत होतं, कारण तिला सगळं तू शिकवलेलं. तिने झाकण उचललं. आतल्या छोट्या खिडकीत डबीचा दिवा लागलेला होता. तिने मला खूण केली, मी जाऊन बघितलं. मातानही आला, त्यालाही बघायचं होतं. आम्ही तिघं तुझ्या पाठीकडे बघत उभे होतो आणि तू समोर संत्र्यांकडे बघत होतास. तुझ्या चष्म्याला मागून रबर बांधलेलं होतं. क्लबाच्या इतिहासात एवढी शांतता वारा नसतानाही झालेली नाही.

मग हेदवाने आपल्या दोघांना सरावाच्या पट्ट्यांनी तुळईला लटकवलं आणि इतके दिवस जमिनीवर राहिल्याबद्दल नवशिक्यांसारखे प्रश्न विचारले. क्लब काढला आपण, आणि आपणच पाय हलवत उत्तरं देतोय. तू एक उत्तर चुकलास हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

ओदेलियाची पाठ तू बघितलीस तेव्हा रुबी तिथेच होती, म्हणून तू नुसतं "जा" म्हणालास. पोरीने विचारलं, एवढंच? अब्बाला तर आणखी काहीतरी म्हणतोस. तू म्हणालास, "ते फक्त त्याच्यासाठी आहे." ती मला म्हणाली की ते ऐकून तिची सगळी भीती गेली, कारण त्यावरून तिला कळलं की आपलं जुळलं.

तिने उडी मारली तेव्हा विमानात काय झालं ते मी कोणाला सांगणार नव्हतो, पण हेदवाने आता सगळ्या क्लबाला सांगितलं आहे. पोरगी दारातून गेली आणि तू डोळे मिटलेस. म्हणून खाली आल्यावर हेदवाने तुझे कान धरले. दोन्ही. मला वाटतं, ती या दिवसाची पंधरा वर्षं वाट बघत होती.

आता तुला न दिसलेलं. तुझी बहीण इतकी वर्षं आपली उडी सुरू झाली की हँगरच्या भिंतीकडे तोंड करून चहाचा कप धरून उभी राहायची, सगळे उतरले असं कोणी सांगेपर्यंत. ओदेलियाच्या वेळीही तशीच होती. पोरगी उतरली, छत्री कवेत घेऊन धावत आली, आईला गळामिठी मारली आणि मग तिची हनुवटी धरून वर केली. म्हणाली, "इमा, आता बघ. मामा आणि अब्बा." रुबीने बघितलं. आपण दोन टिकल्यांएवढे होतो म्हणे. आपल्या छत्र्या उघडेपर्यंत ती एलियाहू हनाबीचं नाव घेत होती, आणि दोन्ही उघडल्यावर म्हणाली, "दिसायला बरं दिसतं की." एवढी वर्षं फुकट गेली बिचारीची.

मलिद्यावर सगळे बसले. उझीने बिअर आणि मलिदा दोन्ही घेतलं आणि त्याचा तोडगा खरा ठरल्याचं सगळ्यांना सांगितलं. माताननेही टोपी घालून आमेन म्हटलं. आता नवा वाद असा आहे की इतक्या दिवसांनी मारलेली माझी उडी पहिली धरायची की नाही. हेदवा धरा म्हणते. मी नाही म्हणतो. तुझं मत माझ्याविरुद्ध जाणार हे गृहीत धरून मी क्रेट आणून ठेवला आहे.

रविवारी मी शोशीला फोन केला. उत्तरेत राखीव छत्र्यांचं काम करणारी तीच एक, डबी तिनेच बसवली असणार. मला वाटलं, माझं एप्रिलचं पत्र वाचून तू गेला असशील तिच्याकडे. ती हसायला लागली. म्हणाली, एप्रिल कुठला, तो तर गेल्या उन्हाळ्यातच आला होता, भांडणाची हळद अजून ओली होती. तिला तू शपथ घातलीस. मी विचारलं, मग मला एक शब्द का नाही सांगितलास? म्हणाली, "दोन म्हाताऱ्या बोकडांच्या मधे मी कशाला येऊ."

म्हणजे डबी पाठीवर घेऊन तू एलातला बसला होतास, आणि मी इथे उंदीर पाळत होतो. तूही उडी मारलेली नव्हतीस. तुझी पाठ तरी तिकडे कोणी बघितली असती? मला राग यायला हवा होता. मी फोन ठेवला आणि बराच वेळ एकटाच हसत बसलो. रुबीने येऊन माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

दारातलं राहिलं. पोरगी गेल्यावर उझीने विमान आणखी वर नेलं. तू माझी पाठ बघितलीस, झाकण लावलंस, दोन थापा मारल्यास. मी दारात बसलो आणि पुढे काही नाही. तू बोललाच नाहीस. उझी ओरडत होता की पेट्रोल काय तुमचा बाप देतो. हेदवा माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, चला, पुन्हा आत सरकून बसायचं. मग तू वाकलास आणि कानाशी तेच दोन शब्द म्हणालास. मी ऐकलं आणि गेलो. कसा गेलो ते मला आठवतसुद्धा नाही.

काल जेवताना रुबीने विचारलं, विमानाच्या दारात अहरोन तुला काय म्हणाला, हेदवा सांगत होती की काहीतरी म्हणाला. मी म्हटलं, ब्राखा म्हणाला, आशीर्वाद दिला.

"मराठीत?"

"मराठीत."

तिने माझ्या ताटात भात वाढला आणि म्हणाली, "मग एलियाहू हनाबीला कळली असणार. तो आपल्या कोकणातूनच वर गेला."

तुझा
जॉशुआ